खेळायचो, भांडायचो, वाट बघायचो

ताईचं आणि माझं एक भांडण कित्येक वर्षं मिटलेलं नाही. लहानपणीच्या घरातला फोन नेमका कुठे होता? तो काळा, जड फोन, बोट घालून चकती फिरवायचा. मला तो दाराशेजारच्या स्टुलावर दिसतो. ताईला तो खिडकीशी, कपाटाला लागून दिसतो. दोघंही शपथेवर सांगायला तयार असतो. मात्र नंबरात शून्य आलं की चकती करकरत परत येईपर्यंत थांबावं लागायचं आणि तेवढ्यात पुढचा आकडाच डोक्यातून जायचा, हे सांगताना आम्ही एकमेकांची वाक्यं पुरी करतो.

फोनच्या जागेबद्दल आमच्यापैकी एकाचं तरी चुकतंय. करकरीबद्दल कुणाचंच चुकत नाही. जुन्या दिवसांच्या आठवणींचा सगळा स्वभाव एवढ्यात आला, आणि तो असा का, हे गेल्या पन्नासेक वर्षांतल्या संशोधनानं बरंच उलगडलं आहे.

आधी थोडं व्याकरण. ‘आम्ही बाहेर खेळलो’ म्हटलं की एखाद्या ठरावीक दिवसाची गोष्ट चालू असते. ‘आम्ही बाहेर खेळायचो’ म्हटलं की त्यात कुठलाच एक दिवस नसतो, आणि तरी तो सगळा काळ असतो. शाळेत आपण याला रीतिभूतकाळ म्हणायला शिकलो: तो जाई, ती येई, आम्ही बसत असू. बोलताना त्याचं खेळायचो, भांडायचो, वाट बघायचो झालं. जुन्या दिवसांच्या गप्पा रंगल्या की कान देऊन ऐका, निम्मी क्रियापदं याच रूपात येतात. याला बोलण्याची लकब म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. आपला मेंदू रोजचं आयुष्य ज्या रीतीनं साठवतो, तीच रीत या रूपात उतरली आहे.

१९७२ साली मॅरिगोल्ड लिंटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःवरच एक प्रयोग सुरू केला. रोज किमान दोन घटना घ्यायच्या, प्रत्येकीसाठी वेगळं कार्ड, आणि त्यावर थोडक्यात मजकूर. दर महिन्याला त्या ढिगातून काही कार्डं कशीही उचलायची आणि ही घटना आठवते का, कधीची असावी, हे तपासायचं. हा नेम त्यांनी सहा वर्षं चालवला. कार्डं पाच हजारांच्या वर गेली. तोवर विस्मरणाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः प्रयोगशाळेत निरर्थक अक्षरं पाठ करणं. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेला विस्मरणाचा प्रसिद्ध आलेख तसाच मिळाला होता, आणि त्यात तासाभरातच निम्म्याहून जास्त पाठांतर गळून जातं. लिंटनबाईंचं जगलेलं आयुष्य इतक्या घाईनं गळत नव्हतं. वर्षाला साधारण पाच-सहा टक्के घटना पुसल्या जात होत्या, संथ गतीनं.

पण टक्क्यांपेक्षा मला भिडलं ते त्यांनी सांगितलेलं विसरण्याचं स्वरूप. काही कार्डं त्या वाचायच्या आणि त्यांना काहीच उमजायचं नाही. अक्षर आपलं, वाक्य आपलं, आणि तरी हे कुणाबद्दल आहे याचा पत्ता नाही. दुसरा प्रकार याच्या उलट. घटना ओळखीची वाटायची, पण तिच्यासारख्या इतर घटनांमधून ती वेगळी काढता यायची नाही. एका समितीच्या बैठकीसाठी त्यांना वरचेवर दूरच्या शहरात जावं लागे. पहिली खेप लख्ख आठवे. मग खेपा वाढत गेल्या तशा त्या एकमेकींत मिसळल्या, आणि ‘अशी बैठक असायची, असा प्रवास असायचा’ एवढं एकच घट्ट चित्र उरलं. एकेक बैठक हरवली आणि बैठकांची रीत मात्र पक्की झाली.

रोजचं आयुष्य नेमकं असंच हरवतं. शाळेची घंटा हजारो वेळा वाजली असेल. त्यातली एकही ठरावीक घंटा आठवत नाही, आणि घंटेचा आवाज मात्र आत्ता कानाशी वाजवता येतो. मेंदूनं इथे काटकसर केलेली असते. सारख्या दिवसांमधलं समान ते ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. उद्या काय होणार याचा अंदाज बांधायला हेच तर लागतं. घंटा वाजली की काय करायचं हे ठाऊक असलं म्हणजे पुरे. ती तीनशे बाराव्यांदा वाजली तेव्हा आकाशात ढग होते की नव्हते, हे कशाला हवं?

एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्येच स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक प्रसंगांची स्मृती: मी तिथे होतो, तेव्हा असं घडलं. दुसरी माहितीची: गोष्टी अशा असतात. रीतिभूतकाळातली आठवण या दोहोंच्या सीमेवर राहते. ती माझी असते, तिला वास आणि आवाज असतो, पण तारीख नसते. ही सीमा किती खरी आहे हे हेन्री मोलेसन यांच्यामुळे कळलं. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, त्यांच्या २७ व्या वर्षी, आठवणी घडवण्याशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसचे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे मोठे भाग शस्त्रक्रियेनं काढले गेले. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर पाच दशकं शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकत राहिले. बालपण त्यांना आठवे, त्यामुळे जुन्या आठवणी शाबूत आहेत असंच आधी सगळ्यांना वाटलं. पुढे बारकाईनं विचारल्यावर लक्षात आलं की घरी काय चालायचं, सुट्टीत कुठे जायचे, हे ते सांगत, पण ‘एका दिवशी असं घडलं’ असा प्रसंग त्यांना जवळपास सांगताच येत नसे. तेराव्या वर्षी केलेली छोटीशी विमानफेरी हा ठळक अपवाद. ती मात्र ते तपशिलात सांगत. हा माणूस रीतिभूतकाळात मागे राहिला होता, असं मला ते वाचताना वाटलं आणि बराच वेळ पुढचं वाचवेना.

आता फोनच्या जागेकडे येतो. शेकडो दिवसांमधून एक चित्र तयार झालं आहे आणि चित्र म्हटलं की फोन कुठेतरी ठेवावाच लागणार. मेंदू तो ठेवतो. पोकळ जागा तो सोडत नाही. अंदाजानं, इतर घरांमधून उसनं आणून, पुढे पाहिलेल्या फोटोंवरून, कशावरूनही तो ती जागा भरतो, आणि आपण कुठे काय भरलं याची नोंद ठेवत नाही. म्हणून भरलेला भाग आणि खरा भाग आपल्याला सारख्याच उजेडात दिसतात.

उलरिक नायसर हे स्मृतीच्या अभ्यासातलं मोठं नाव. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा त्यांना तेरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना मध्येच ती बातमी आली आणि आपण धावत वर आईला सांगायला गेलो, अशी त्यांची आठवण होती. कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉलचा हंगाम नसतो. आयुष्यभर जपलेली आठवण चुकीची निघाली आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. पण गोष्ट इथे संपली नाही. पुढे दोघा अभ्यासकांनी शोधून काढलं की त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं प्रक्षेपण होतं आणि त्यात खेळणाऱ्या संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स. न्यूयॉर्कच्या त्या काळच्या दोन बेसबॉल संघांचीही हीच नावं. म्हणजे मुलगा रेडिओशी होता, सामना चालू होता, बातमी मध्येच आली, हे सगळं खरं. फक्त खेळ बदलला होता, आणि तोही नावांच्या ओळखीच्या वाटेनं.

जुन्या दिवसांच्या आठवणींना सरसकट खोटं ठरवणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. तपशील डळमळतो, गाभा टिकतो. उलट बाजूही तितकीच खरी: आजी-आजोबांनी एखादी गोष्ट कितीही ठामपणे सांगितली तरी तारीख, आकडा, जागा यांच्यासाठी कागदच बघावा. त्या काळात वाट बघणं कसं असायचं, अंधार किती गडद असायचा, पत्र आलं की घरात काय व्हायचं, हे मात्र कागद सांगणार नाही. ते त्यांनाच विचारावं.

एक छोटा प्रयोग करून बघा. लहानपणीची रोजची एखादी गोष्ट डोळ्यांसमोर आणा, शाळेत जाणं म्हणा. तुम्हाला रस्ता दिसतो की रस्त्यावरून चालणारं ते लहान मूल, म्हणजे तुम्ही स्वतः? जॉर्जिया नायग्रो आणि नायसर यांनी १९८३ मध्ये हा प्रश्न अभ्यासला. ताज्या आठवणी बहुधा आतून, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. जुन्या आठवणींत माणसं स्वतःलाच बाहेरून बघत असतात. स्वतःची पाठ तर आपण कधीच पाहिलेली नसते. म्हणजे ते दृश्य नंतर रचलेलं आहे, आणि रचणारे आपणच.

ही रचना चालू राहते, कारण आठवण काढणं हीसुद्धा मेंदूत घडणारी एक घटना आहे. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर प्रयोग केला. ठरावीक आवाजानंतर विजेचा झटका बसतो हे उंदीर शिकले आणि आवाज आला की गोठून उभे राहू लागले. ही शिकवण पक्की झाल्यावर तो आवाज पुन्हा ऐकवला, आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. पुढे उंदीर त्या आवाजाला फारसे घाबरेनात. आवाज न ऐकवता नुसतंच औषध दिलं तर भीती तशीच राहायची. म्हणजे पक्की झालेली आठवणही वर काढली की काही काळ मऊ पडते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावं लागतं. माणसाच्या रोजच्या गप्पांत हे किती प्रमाणात घडतं, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. तरी शंभरदा सांगितलेली गोष्ट सांगण्याच्या ओघात कशी गुळगुळीत होत जाते, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे.

आणि मग कधीतरी कुणी न सांगितलेली, आपणही न काढलेली आठवण अचानक समोर उभी राहते. बहुतेक वेळा वासामुळे.

वासाची वाट वेगळी आहे. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूच्या बाह्यपटलाकडे जाताना थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात. नाकाकडून आलेले संदेश त्या केंद्रात न थांबता थेट गंधाच्या भागात आणि भावनांशी निगडित अमिग्डालात पोचतात, आणि तिथून हिप्पोकॅम्पस अगदी जवळ. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये वयस्क माणसांना तीन तऱ्हेनं आठवणी काढायला लावल्या: शब्द देऊन, चित्र दाखवून आणि वास देऊन. शब्दांनी आणि चित्रांनी आलेल्या आठवणी बहुतेक दहाव्या वर्षानंतरच्या, तरुणपणाकडे झुकलेल्या होत्या. वासानं आलेल्या आठवणींचा सगळ्यात मोठा वाटा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतला होता.

माझ्या मते यात आणखी एक साधी गोष्ट आहे. जुनं घर पडतं, रस्ता रुंद होतो, माणसांचे चेहरे बदलतात. वासाचा रेणू म्हातारा होत नाही. पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीचा जो वास येतो त्याला १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. कोरड्या दिवसांत दगडमातीनं शोषून घेतलेली वनस्पतींची तेलं पावसाबरोबर हवेत येतात. त्यांच्या जोडीला असतो जिओस्मिन, मातीतले काही जिवाणू तयार करतात तो पदार्थ. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतं. तुम्ही सात वर्षांचे असताना नाकात गेलेला जिओस्मिन आणि आज गेलेला जिओस्मिन, दोन्ही अणुरेणूंनी तंतोतंत सारखे. जुन्या पुस्तकांचंही तसंच. कागदातलं लिग्निन हळूहळू विघटित होतं आणि त्यातून व्हॅनिलासारखा वास असलेलं व्हॅनिलिन बाहेर पडतं. कपाट उघडल्यावर येणारा तो गोडसर वास म्हणजे कागद म्हातारा होत असल्याची खूण आहे.

चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यभरातल्या आठवणी काढायला सांगितल्या तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा उंचवटा दाखवून दिला आणि तो पुन्हा पुन्हा सापडला आहे. म्हणून प्रत्येक पिढीचा ‘तो काळ’ वेगळा असतो. हा काळ वयानं ठरतो की आयुष्यातल्या बदलानं? रॉबर्ट श्रॉफ आणि रुबिन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या स्पॅनिशभाषक वृद्धांकडे पाहिलं. ज्यांनी तिशीच्या मध्यावर देश सोडला, त्यांचा उंचवटाही पुढे सरकून त्या वर्षांकडे गेला होता. जिथे नवी रीत सुरू होते, तिथे आठवणी दाट होतात. लिंटनबाईंची पहिली बैठक लख्ख राहिली, त्यामागेही हेच असावं.

या सगळ्याला जोडलेली हुरहूर एके काळी आजार मानली जाई. १६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांवर प्रबंध लिहिला आणि घरी परतणं व वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. योहान याकोब शॉयखत्सर या निसर्ग-अभ्यासकानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याचं कारण हवेच्या दाबात शोधलं: उंच डोंगरातले लोक खाली उतरले की जड हवेखाली दबतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ मध्ये, उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी या आजाराचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदवले.

मराठीत आपण याला दोन नावं दिली आहेत. गतकातरता म्हणताना त्यात दुखणं आहे, स्मरणरंजन म्हणताना सुख. मला दोन्ही शब्द हवेसे वाटतात, कारण संशोधनही दोन्हींकडे बोट दाखवतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून दाखवलं की मन खट्टू झालं, एकटं वाटलं की माणसं जुन्या दिवसांकडे वळतात, आणि त्या आठवणींत बहुतेक वेळा जवळची माणसं असतात. चीनमध्ये २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात एकटेपणा वाढला की ही हुरहूर वाढते आणि हुरहूर वाढली की आपल्याला कुणीतरी आहे ही भावना बळावते, असं दिसलं. पण यातले बरेच प्रयोग सांगून काढलेल्या आठवणींवर आहेत. डेव्हिड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये माणसांच्या रोजच्या दिवसात आपसूक येणारी हुरहूर नोंदवली, तेव्हा ती बरीच संमिश्र आणि पुष्कळदा उदासीकडे झुकलेली निघाली. ‘छानसं आठव’ म्हटल्यावर जे येतं आणि रिकाम्या दुपारी स्वतःहून जे येतं, त्यात फरक पडणारच.

गेलेले दिवस होते त्याहून बरे का वाटतात, याचंही एक कारण सापडलं आहे. डब्ल्यू. रिचर्ड वॉकर, जॉन स्कोरॉन्स्की आणि चार्ल्स थॉम्प्सन यांनी रोजनिश्यांच्या आधारे दाखवलं की वाईट प्रसंगांशी जोडलेली भावना चांगल्या प्रसंगांशी जोडलेल्या भावनेपेक्षा लवकर विरते. प्रसंग आठवतो, त्याची बोच कमी होते. फोनवर तासन्‌तास लाइन न लागण्याचा वैताग आज मला आठवतो आणि तो सांगताना मी हसत असतो.

आज आपण जगतो आहोत ते दिवसही असेच एकमेकांत मिसळून जाणार. टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांकडून एक पेटी भरून घेतली: नुकतंच कुणाशी काय बोललात, कुठली तीन गाणी ऐकताहात, परीक्षेतला एखादा प्रश्न. तीन महिन्यांनी हे पुन्हा वाचावंसं वाटेल का, असं तेव्हाच विचारलं. फारसं नाही, असा सूर होता. तीन महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा त्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कुतूहल वाटलं, त्यातही साध्यासुध्या गोष्टींबद्दल. खास दिवसांचे फोटो आपण काढतोच. उणीव साध्या दिवसांची असते.

नोंद कशी करावी याचा धडा विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञांनी दिला आहे. १९७८ पासून सहा वर्षं त्यांनी स्वतःच्या आयुष्यातल्या २,४०२ घटना लिहिल्या: काय, कोण, कुठे, कधी. पुढे आठवताना ‘काय’ सगळ्यात उपयोगी पडलं, आणि नुसत्या तारखेचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. पूर्ण पुसल्या गेल्यात असं वाटलेल्या घटनांपैकी दहांमध्ये ज्यांची साक्ष काढता येईल अशी माणसं होती. त्यांनी एखादा तपशील सांगितला की त्या दहाही घटना वाखेनारांना आठवल्या.

म्हणून मी कार्डं लिहायला लागलो आहे. कालच्या कार्डावर असं आहे: संध्याकाळी ताईचा फोन. बोलता बोलता तिचा आवाज तुटत होता, ती जिन्यात जाऊन उभी राहिली तेव्हा नीट ऐकू आलं. तिच्या मागे कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. माझ्या मोबाइलच्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा आहे, बोलताना तिथे अंगठा फिरवायची सवय लागली आहे. जुना फोन खिडकीशीच होता, असं ती पुन्हा म्हणाली.